शेरवुडचा मेजर ओक आणि काकांचा १९६८चा फोटो

वाटसरू_लेस्टर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबणार आहे, सवडीने वाचा.

मागच्या दिवाळीत पुण्याला गेलेले तेव्हा भाऊकाकांच्या कपाटातले जुने अल्बम खाली काढले. काका साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर जायचे तसेच, आणि पहिली काही वर्षं नॉटिंगहॅमशायरमधल्या एका हॉस्पिटलात होते. एक ब्लॅक अँड व्हाईट फोटो निघाला. भलंमोठं झाड, बुंध्याला उभी चीर, आणि त्या चिरेत कोट-टाय घातलेले काका अर्धे आत अर्धे बाहेर. काकू बाहेर उभी, नऊवारी नाही पण जाडी पाचवारी, वरून कार्डिगन, आणि एक हात झाडाच्या सालीवर ठेवलेला. मागे काकूच्या अक्षरात 'शेरवुड, जून १९६८'.

मी बघताक्षणी ओळखलं. हा मेजर ओक! मी लेस्टरला राहते, इथून फार लांब नाही, दोनदा जाऊन आलेय, एकदा २०१४ला आणि परत मे २०२३मध्ये. पण मी बघितलेलं झाड आणि फोटोतलं झाड यात एक मोठा फरक आहे. मला त्याच्या जवळपासही जाता आलं नाही. चहूबाजूंनी कुंपण आहे, ते सत्तरच्या दशकात घातलं, आणि त्याच्या बाहेरून बघायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेरवुड म्हणजे रॉबिन हूडचं जंगल, एडविनस्टोव नावाच्या गावाला लागून आहे. तिथला हा सगळ्यात प्रसिद्ध ओक. वय नक्की कुणालाच सांगता येत नाही कारण आतून पोकळ आहे, वर्तुळं मोजणार कुठून, पण ८०० ते १००० वर्षं असा अंदाज सगळीकडे देतात. बुंध्याचा घेर १०-११ मीटर, फांद्यांचा पसारा २८ मीटर, वजन २३ टन असेल म्हणतात. उंच अजिबात नाही हं. आपण मोठं झाड म्हटलं की वर बघतो, हे झाड आडवं बघायचं. फांद्या लांबच्या लांब पसरलेल्या आणि त्यांच्याखाली ठिकठिकाणी लोखंडी टेकू. २०२३ला मी गेले तेव्हा नुकती कोवळी पानं फुटलेली, ओकचं कोवळं पान जरा पिवळट-तांबूस दिसतं, आणि त्या एवढ्या जुन्यापुराण्या खोडावर ती इतकी नाजूक पानं बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं.

आता मुद्दा. काकांना मी सांगितलं की काका आता आत जाता येत नाही, शेकडो वर्षं माणसं येऊन येऊन झाडाखालची माती दाबली गेली, मुळांना हवा-पाणी मिळेना, म्हणून कुंपण घातलंय. काका जरा वेळ फोटोकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी पण त्यातला एक का गं?"

मला काय बोलावं सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. ज्यांना या झाडाबद्दल, रॉबिन हूडबद्दल, एकूणच जुन्या झाडांबद्दल माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज, मी सगळं काकांना वाचून दाखवणार आहे. ते आता ८६ वर्षांचे आहेत.

चिंचपोकळीकर

मस्त धागा. फोटो टाका ना इथे. मेजर म्हणजे मोठा म्हणून मेजर ओक का?

वाटसरू_लेस्टर

फोटोत इतर लोकपण आहेत म्हणून टाकत नाही, सॉरी.

मलाही आधी तेच वाटलेलं, पण मोठा म्हणून नाही. हेमन रूक नावाचे एक निवृत्त मेजर होते, फौजेतले मेजर, मॅन्सफिल्ड वुडहाऊसला राहायचे. त्यांना जुन्या गोष्टींचा भारी नाद, रोमन अवशेष खणून काढायचे, हवामानाच्या नोंदी ठेवायचे. १७९० साली त्यांनी वेलबेकच्या आसपासच्या थोर ओक झाडांवर चित्रांसकट एक पुस्तक काढलं आणि त्यामुळे लोक याला मेजरचा ओक म्हणायला लागले. त्याच्या आधी कॉकपेन ट्री म्हणायचे, कारण झुंजीचे कोंबडे या ढोलीत डांबून ठेवत.

जुनीपानं

वा, आवडीचा विषय. पण एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, काकांना नाराज करायचा हेतू नाही.

रॉबिन हूड या झाडात लपायचा ही गोष्ट फार जुनी नाहीये. नुसतं हिशोबाने बघा. गोष्टीतला राजा रिचर्ड हा ११८९ ते ११९९ मधला. झाडाचं वय ८००-१००० धरलं तर त्या काळात ते एक तर रोपटं असेल नाहीतर तरणंबांड झाड. आणि ओक तरणा असताना पोकळ नसतो, ढोली व्हायला काही शतकं जावी लागतात. म्हणजे रॉबिन हूड खरा होता असं मानलं तरी त्याला लपायला या झाडात जागाच नव्हती.

आता रॉबिन हूड स्वतः. त्याचा सगळ्यात जुना साहित्यातला उल्लेख १३७७च्या आसपासचा, विल्यम लँगलंडच्या 'पियर्स प्लाउमन' या दीर्घकाव्यात. तिथे आळस हे एक पात्र आहे, पाद्री असलेला आळस, आणि तो कबूल करतो की मला प्रार्थना धड येत नाही पण रॉबिन हूडची गाणी येतात. म्हणजे तेव्हाच ही गाणी लोकांच्या तोंडी इतकी बसलेली होती. नंतरच्या हस्तलिखितातल्या 'रॉबिन हूड अँड द माँक' मध्ये शेरवुड आणि नॉटिंगहॅम येतं, पण 'अ गेस्ट ऑफ रॉबिन हूड' या मोठ्या पोवाड्यात तो राहतो यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलला आणि त्यातला राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे! रिचर्डच्या काळाशी त्याची सांगड घातली १५२१ साली, जॉन मेजर नावाच्या स्कॉटिश इतिहासकाराने. (हा पण मेजर, पण आडनावाचा.) मग १७९५ला जोसेफ रिटसनने सगळी गाणी एकत्र छापली, ती वॉल्टर स्कॉटच्या हाताला लागली, १८१९च्या डिसेंबरात 'आयव्हॅन्हो' आली आणि तिथून आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला रॉबिन हूड तयार झाला. त्या कादंबरीत ही टोळी एका प्रचंड ओकखाली जमते, ठरलेलं भेटीचं झाड. जुन्या पोवाड्यातही असं भेटीचं झाड आहेच. लोकांना गोष्टीतलं झाड मिळालं होतं, आता खरं झाड हवं होतं. पुढे रेल्वे आली, सहली सुरू झाल्या, आणि शेरवुडमधला सगळ्यात दणकट ओक कुठला तर हा.

वाटसरू_लेस्टर

जुनीपानं, नाराज कशाला होतील, उलट आवडेल त्यांना. पण मला तरी त्यामुळे झाडाचं मोल कमी झाल्यासारखं वाटत नाही. सहाशे-साडेसहाशे वर्षं लोक एक गोष्ट सांगतायत आणि ती टेकवायला त्यांना एक जागा लागली, तर ती जागा जिवंत असावी असं वाटणं साहजिक आहे. दगडी पुतळाही आहे नॉटिंगहॅमच्या किल्ल्याजवळ, म्हणजे ब्राँझचा आहे, तिथे जाऊन मला काहीच वाटलं नाही.

मोगरा

लहानपणी शाळेच्या लायब्ररीत रॉबिन हूडचं जाडजूड टाइपातलं पुस्तक होतं, मुखपृष्ठावर हिरवा अंगरखा आणि मागे झाड. मी ते इतक्यांदा नेलं की बाई म्हणाल्या आता दुसरं ने. पण तेव्हा ओक म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, मी मनात वडच बघायचे!

रानवाटा

मोगरा, आपल्याकडे महाराष्ट्रात ओक रानात नाहीच त्यामुळे वडच डोळ्यासमोर येणार. पण तुम्ही कुमाऊं-गढवालला ट्रेकला गेला असाल तर ओक बघितलाय. तिथला बांज म्हणजे ओकच, फक्त तो सदाहरित, पान खालून पांढरट. इंग्लंडचा ओक हिवाळ्यात पानं टाकतो आणि त्याच्या पानाची कड लाटांसारखी वळणावळणाची असते.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो, माझं काम झाडांचंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ढोली म्हणजे रोग नव्हे. झाडाचा जिवंत भाग हा सालीच्या लगेच आतला पातळ थर असतो आणि त्याच्या आतलं काही वर्षांचं लाकूड, जिथून पाणी वर चढतं. मधला गाभा निर्जीवच असतो, तो झाडाचं जुनं कोठार समजा. बुरशी तो गाभा खाते आणि झाड पोकळ होतं. यात झाडाचं फार नुकसान नाही, पोकळ नळकांडं वाऱ्याला चांगलं तोंड देतं, शिवाय कुजलेल्या गाभ्यातलं अन्न मुळांना परत मिळतं. हजार वर्षं जगलेला ओक जवळजवळ नेहमी पोकळच सापडेल. त्यामुळे काका ढोलीत शिरले याने ढोलीचं काही बिघडलं नाही हे त्यांना आधी सांगा.

खरी गोष्ट पायाखालची. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या हात-दीड हात मातीत असतात, आणि ती फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर लांबवर गेलेली असतात. चांगली माती हातात घेतली तर ती रव्यासारखी मोकळी लागते, मध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा आणि पाणी असतं. माणूस चालला की पोकळी मिटते. एकाने काही होत नाही, शंभरांनी काही होत नाही. पण वर्षानुवर्षं रोज हजारो पावलं, घोडागाड्या, नंतर मोटारी, तर माती विटेसारखी होते. पाऊस वरून वाहून जातो, मुळं गुदमरतात, आणि ओकच्या मुळांशी ज्या बुरशा जोडीने राहतात, ज्या त्याला दूरवरून पाणी-खनिजं आणून देतात, त्या पण मरतात. दुसऱ्या महायुद्धात तर शेरवुडमध्ये लष्कराचा दारूगोळा साठवलेला आणि रणगाड्यांचा सरावही चालायचा. कुंपण घातल्यावर माती आपोआप मोकळी होत नाही, पन्नास वर्षांनीसुद्धा दबलेली राहते. म्हणून अलीकडे तिथे दाबाची हवा सोडून माती फोडतात, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालतात.

२०१८पासून तिथलं काम आरएसपीबी म्हणजे त्यांची पक्षी संरक्षणवाली मोठी संस्था बघते.

चिंचपोकळीकर

मनापासून विचारतो, एका झाडासाठी एवढा खटाटोप का? म्हातारं झालंय तर पडू द्यावं ना निसर्गाच्या नियमाने. टेकूवर टेकू लावून उभं ठेवायचं हे मला आयसीयूतल्या पेशंटसारखं वाटतं. माझ्या आजीचे शेवटचे दिवस आम्ही तसे काढले आणि आम्हाला आजही वाटतं की चुकलं.

रानवाटा

चिंचपोकळीकर, आजीबद्दल वाईट वाटलं. आणि तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, झाडांवर काम करणाऱ्या लोकांमध्ये पण हाच वाद आहे.

म्हातारा ओक काय करतो, तर स्वतःच लहान होतो. वरच्या टोकाच्या फांद्या वाळू देतो, त्या सांबराच्या शिंगांसारख्या वर दिसत राहतात, आणि खाली, बुंध्याच्या जवळ नवीन पालवी काढतो. लांबच्या जड फांद्या मोडून पडतात आणि जेवढी मुळं पोसू शकतील तेवढंच झाड शिल्लक राहतं. असा आखूड झालेला ओक पुढे अजून दोन-तीनशे वर्षं काढू शकतो. इंग्रजांमध्ये एक जुनी म्हण आहे की ओक तीनशे वर्षं वाढतो, तीनशे वर्षं जगतो आणि तीनशे वर्षं मरत असतो. मेजर ओकला १९०८च्या सुमारास साखळ्या घातल्या, मग सत्तरच्या दशकात टेकू आले, ढोलीच्या तोंडांवर शिशाचे पत्रे आणि फायबरग्लास बसवलं. सगळं प्रेमापोटी, तेव्हाच्या समजुतीने उत्तमच केलं. पण त्यामुळे झाडाला लहान होताच आलं नाही. फांद्या पडल्या असत्या त्या धरून ठेवल्या, आणि आता त्या दबलेल्या मातीतल्या मुळांना एवढा मोठा पसारा पोसावा लागतो. आता टेकू काढावे तर फांदी धडाधडा खाली येणार आणि खोड फाटणार. त्यामुळे आता काढता पण येत नाहीत.

आणि उन्हाळे बदललेत. १९ जुलै २०२२ला शेजारच्या लिंकनशायरमध्ये, कॉनिंग्सबीला, ४०.३ अंश गेलं, ब्रिटनमधला आजवरचा विक्रम. या झाडाने आधी असं कधी सोसलं नसणार.

"पडू द्यावं" याला माझं उत्तर असं, की पडलं तरी तिथेच पडू द्यावं, उचलू नये. ब्रिटनमध्ये ओकच्या आधाराने २३०० जातींचे जीव राहतात, त्यातल्या ३२६ जातींना ओकशिवाय दुसरं काहीच चालत नाही. त्यातले कित्येक भुंगे आणि किडे फक्त कुजलेल्या जुन्या लाकडात वाढतात. शेरवुडमध्ये असे पुराणे ओक हजाराच्या आसपास उरलेत, म्हणून जंगल महत्त्वाचं. एकट्या मेजरसाठी नाही.

कुंदाताई_सातारा

सगळे प्रतिसाद वाचले. मला विज्ञानातलं काही कळत नाही पण एक सांगावंसं वाटतं. आपला वड बघा, म्हातारा झाला की स्वतःच पारंब्या सोडतो आणि त्याच पुढे खांब होतात, मूळ खोड गेलं तरी झाड राहतं. या बिचाऱ्या ओकला पारंब्या नाहीत म्हणून माणसांनी लोखंडाच्या दिल्या. आमच्या गावच्या वडाला मी पन्नास वर्षं सूत गुंडाळलंय. काकूंनी सालीवर हात ठेवला होता हे वाचून मला तेच आठवलं, झाड मोठं दिसलं की आपला हात जातोच.

वाटसरू_लेस्टर

कुंदाताई 🙏 काकूबद्दल लिहिलंत, ती २००९ला गेली. काकांना हा प्रतिसाद सगळ्यात आधी वाचून दाखवते.

टेम्सकाठ

लंडनमधून. आमच्या गल्लीच्या टोकाला 'रॉयल ओक' नावाचा पब आहे आणि असे पब या देशात शेकड्यांनी आहेत, त्याचीही गोष्ट ओकचीच आहे म्हणून लिहितो.

३ सप्टेंबर १६५१ला वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स क्रॉमवेलकडून, म्हणजे राजाविरुद्ध लढणाऱ्या संसदेच्या सेनापतीकडून, हरला आणि पळाला. श्रॉपशायरमध्ये बॉस्कोबेल हाऊस म्हणून घर आहे, तिथल्या रानात ६ सप्टेंबरला अख्खा दिवस तो एका दाट ओकवर चढून बसला, बरोबर विल्यम केअरलेस नावाचा अधिकारी. खाली सैनिक झुडपं धुंडाळतायत आणि वर हा एकवीस वर्षांचा पोरगा दमून केअरलेसच्या हातावर डोकं ठेवून झोपलाय. पुढे १६६०ला राजा झाला आणि १६८०मध्ये त्याने ही हकीकत स्वतः सॅम्युअल पेपिसला सांगितली, पेपिसने ती उतरवून घेतली. पेपिस म्हणजे तो रोजनिशीवाला. राजा परत आला तो दिवस २९ मे, पुढे कितीतरी वर्षं लोक त्या दिवशी ओकची डहाळी अंगावर लावायचे.

पण या धाग्याशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. राजा परतल्याबरोबर लोक त्या ओकच्या दर्शनाला यायला लागले, आणि प्रत्येकाने आठवण म्हणून एक फांदी, एक ढलपी तोडून नेली. भिंत बांधली तरी थांबले नाहीत. शेवटी झाडच उरलं नाही. आज तिथे जो ओक दाखवतात तो त्याचा वंशज मानतात. त्या मानाने मेजर ओकची माणसं फार सभ्य होती म्हणायची, नुसती चालली.

जुनीपानं

टेम्सकाठ, फार छान. मी पण दोन गोष्टी टाकतो.

एक, आपण 'फॉरेस्ट' म्हणजे जंगल समजतो, पण मध्ययुगीन इंग्लंडात फॉरेस्ट हा कायद्याचा शब्द होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, मग त्यात झाडं असोत, माळ असो, गावं असोत. तिथे हरणाला हात लावलात तर नॉर्मन राजांच्या काळात डोळे काढण्यापर्यंत शिक्षा होत्या. लाकूड तोडायचं नाही, कुत्रा पाळायचा तर त्याच्या पंजाची नखं तोडायची. १२१७ साली 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' आला, त्यात लिहिलं की यापुढे हरणापायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, आणि सामान्य माणसाला आपली डुकरं रानात ओकची फळं खायला सोडायचा हक्क मिळाला. हे माहीत असलं की रॉबिन हूड राजाची हरणं मारून खातो आणि लोक त्याची गाणी गातात यातली कळ समजते.

दुसरी गोष्ट मेजर रूक यांचीच आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. शेरवुडच्या बर्कलँड आणि बिलहॅग भागातले ओक तोडले जात होते तेव्हा लाकडाच्या आत, पार खोलवर, मुकुट आणि राजांच्या नावाची अक्षरं सापडायला लागली. त्या त्या राजाच्या काळात झाडाची साल काढून खूण ठोकलेली, आणि झाडाने नंतर ती आपल्या लाकडात गिळून टाकलेली. एक खूण जॉन राजाची, म्हणजे रिचर्डच्या धाकट्या भावाची, गोष्टीतल्या खलनायकाची. ती सालीपासून दीड फूट आत होती आणि तरीही मध्यापासून फूटभर बाहेर, म्हणजे खूण ठोकली तेव्हाच झाड दोनेक फूट जाडीचं होतं! रूकनी हे सगळं मोजून नोंदवलंय. कुऱ्हाड पडली म्हणून ते दिसलं याचं वाईट वाटतं, पण विचार करा, न तोडलेल्या झाडांच्या पोटात अजून काय काय असेल.

मोगरा

बाप रे. अंगावर काटा आला दीड फूट आत वाचून.

वाटसरू_लेस्टर

जुनीपानं, हे मला अजिबात माहीत नव्हतं!! थँक यू.

तिथून फार लांब नाही न्यूस्टेड ॲबी, कवी लॉर्ड बायरनचं घर. मी गेलेय. बायरन दहा वर्षांचा असताना, १७९८ला, त्याला ती इस्टेट वारशात मिळाली आणि आल्या आल्या त्याने एक ओक लावला. हे झाड जगलं तर मी जगेन अशी काहीतरी त्याची समजूत होती. मग घर भाड्याने दिलं, काही वर्षांनी तरुण बायरन परत येतो तर रोपट्याभोवती तण माजलेलं, कुणी बघितलेलंच नाही. त्यावर १८०७ची कविता आहे त्याची. नंतर ते झाड चांगलं मोठं झालं, बायरन मात्र छत्तिसाव्या वर्षी ग्रीसमध्ये गेला. आता तिथे फक्त वाळका बुंधा आहे, वर वेल चढलेली. मी त्या बुंध्याजवळ बराच वेळ उभी होते. तिथे कुंपण नव्हतं आणि मला हात लावावासा वाटला पण लावला नाही.

उत्तरवारा

मी न्यूकॅसलला असतो. हा धागा वाचताना सायकॅमोर गॅपची आठवण येणारच. हेड्रियनच्या भिंतीच्या, म्हणजे इथल्या जुन्या रोमन भिंतीच्या, खाचेत एकटं उभं असलेलं ते झाड, ओक नव्हे, सायकॅमोर, पण रॉबिन हूडच्या १९९१च्या सिनेमात तेच होतं. २८ सप्टेंबर २०२३च्या सकाळी आडवं पडलेलं दिसलं, रात्रीत करवतीने कापलेलं. पुढे दोघांना सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी लोक अक्षरशः रडत होते, एकाचं तिथे लग्न ठरलेलं, एकीने आईची राख तिथे सोडलेली. मी त्या झाडाचा फोटो कितीदा काढला असेल. त्याच्या बुंध्यातून परत कोंब फुटलेत.

काकांना सांगा की करवत घेऊन जाणारा वेगळा आणि सालीवर हात ठेवणारा वेगळा.

चिंचपोकळीकर

रानवाटा, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. "झाडाला लहान होताच आलं नाही" हे लक्षात राहील. माझा आक्षेप मागे घेत नाही पण आता वेगळा वाटतोय तो मला.

पुढच्या वर्षी मुलीकडे शेफिल्डला जाणार आहोत, दर्शन घ्यायचं तर कसं जायचं?

वाटसरू_लेस्टर

शेफिल्डहून गाडीने साधारण तासभर, आधी मॅन्सफिल्ड किंवा ऑलर्टनच्या दिशेने आणि मग एडविनस्टोव. व्हिजिटर सेंटरला गाडी लावायची, तिथून रानातल्या वाटेने साधारण मैलभर चालत. वाट सपाट आहे, ज्येष्ठांनाही जमेल. घाई करू नका, कारण वाटेत दोन्ही बाजूंना इतके जुने, वेडेवाकडे, फाटलेले ओक आहेत की मला तर मेजरपेक्षा त्यांच्यापाशी जास्त वेळ लागला. त्यांच्या मुळांवर चढू नका, पायवाट सोडू नका. खाली पडलेली फळं पोरांना उचलू देऊ नका, रानातल्या पाखरांना लागतात ती. गावातल्या सेंट मेरी चर्चलाही जा, रॉबिन आणि मॅरियनचं लग्न तिथे लागलं असं सांगतात.

आणि गाडी असेल तर क्लिपस्टोनजवळ पार्लमेंट ओक आहे, एडवर्ड पहिला याने १२९०ला क्लिपस्टोनला संसद भरवली तिची आठवण सांगणारा. मेजर ओकला दहा लोक असतील तर तिथे एकही नसतो.

रानवाटा

वाटसरू, काकांना एक विचाराल का? ढोलीत आत कसं होतं? १९६८ला आत गेलेला माणूस मला आत्तापर्यंत भेटलेला नाही. जमिनीवर काय होतं, भिंती कशा होत्या, वास, जे आठवेल ते.

वाटसरू_लेस्टर

काल रात्री व्हिडिओ कॉलवर सगळा धागा वाचून दाखवला, पाऊण तास लागला. कुंदाताईंच्या प्रतिसादाला थांब म्हणाले, परत वाच म्हणाले. उत्तरवाराचंही. जॉन राजाची खूण त्यांना फार आवडली, "दीड फूट" असं हाताने दाखवून बघत होते.

रानवाटा, तुमचा प्रश्न विचारला. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"अगं, आत अंधार नव्हता तेवढा, वरूनही कुठूनतरी उजेड यायचा. पायाखाली मऊ होतं, चहाचा चोथा वाळल्यावर होतो ना तसं, बूट रुतायचे. भिंतीला हात लावला तर विटकरी रंगाची भुकटी निघाली, चौकोनी चौकोनी तुकडे पडायचे. वास ओल्या गोणपाटाचा. बाहेर आलो तर कोटाची बाही लाल झालेली, तुझ्या काकूने रुमालाने झटकली, तरी हॉस्पिटलच्या क्वार्टरवर जाईपर्यंत बसमध्ये मांडीवर पडत होती."

रानवाटा

तंतोतंत! विटकरी भुकटी आणि चौकोनी तुकडे म्हणजे गाभा खाणाऱ्या बुरशीचं काम, ओकवर बीफस्टेक नावाची अळंबी येते ती असंच करते, कच्च्या मांसासारखी लाल दिसते. तो चोथा म्हणजे शेकडो वर्षांचा गाभा. मी वर लिहिले ते भुंगे त्याच चोथ्यात अंडी घालतात. काकांना माझा नमस्कार सांगा, फार मोलाचं सांगितलं त्यांनी.

वाटसरू_लेस्टर

सांगितला नमस्कार. भुंग्यांचं ऐकून म्हणाले, "म्हणजे आम्ही त्यांच्या घरात उभे होतो."

मग मी विचारलं की काका, आत तुम्ही किती जण होतात? म्हणाले आम्ही सहा, दोन नर्स, एक ॲनेस्थेटिस्ट, त्याची दोन पोरं आणि मी. काकू आत यायला तयार नव्हती, ती बाहेरच उभी राहिली. आणि फार वेळ थांबता आलं नाही कारण मागे रांग होती.